मुलाच्या मापाची क्वाड बाइक

मुलासाठी क्वाड बाइक घ्यायला निघालेला बाप दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो सीसीचा. पन्नासची घेऊ, नव्वदची की थेट एकशे दहाची? ज्याची उभी हयात मोटारसायकलीवर गेली, त्याला दुसरा प्रश्न सुचणार तरी कुठून? अमेरिकेत ही वाहनं सर्वांत जास्त खपतात आणि पोरं त्यांवरून सर्वांत जास्त पडतातही. तिथे सरकारनेही एके काळी सीसीचीच फूटपट्टी लावली होती. ती का टाकून द्यावी लागली हे कळलं, की निवडीचं निम्मं काम झालं.

होंडाने १९७० साली यूएस९० नावाचं तीन फुगीर चाकांचं वाहन अमेरिकेत आणलं. हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप मंदावतो, तेव्हा विक्रेत्यांना विकायला काहीतरी हवं होतं. कमी हवेच्या जाड टायरांमुळे ते बर्फात रुतत नसे, वाळूतही चाले. पुढे एटीसी या नावाने त्याचं पेवच फुटलं. तीन चाकं म्हटल्यावर लोकांना ते लहान मुलांच्या सायकलीइतकं स्थिर वाटायचं. प्रत्यक्षात जरा वेगात वळलं की ते कलंडे. १९८२ साली सुझुकीने चार चाकांची क्वाडरनर बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत तीनचाकीचा जमाना संपला. मात्र तोवर जखमी मुलांचे आकडे इतके वाढले होते, की अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कंपन्यांना कोर्टात खेचलं. एप्रिल १९८८ मध्ये तडजोड झाली. नव्या तीनचाकी विकणं बंद झालं, गाड्यांवर इशाऱ्यांच्या चिठ्ठ्या आल्या, प्रशिक्षण आलं आणि वयाची शिडीही आली. सहाच्या आतल्या मुलाला काहीच नाही, सहापासून ७० सीसीच्या आतली, बारापासून ९० सीसीपर्यंतची, आणि त्यापुढची सोळा पूर्ण झाल्यावर.

शिडी लक्षात ठेवायला सोपी होती, पण मोजत होती भलतंच. सीसी म्हणजे सिलिंडरची क्षमता. त्यावरून गाडीचा वेग ठरत नाही, उंची तर मुळीच नाही. जुन्या टू-स्ट्रोक ८० सीसीचा झटका अनेकदा आजच्या वेग बांधलेल्या फोर-स्ट्रोक ११० सीसीपेक्षा जोरदार असे. दुसरी अडचण जास्त घातक ठरली. ९० सीसीची मर्यादा पाळायची म्हणून कंपन्या गाडीचा सांगाडाही लहानच ठेवत. तेरा-चौदा वर्षांचा उंच पोरगा त्यावर बसला की गुडघे हँडलला घासायचे. मग तो काय करणार? बापाची चारशे सीसीची गाडी न्यायचा. मुलाला छोट्या गाडीवर ठेवायला केलेला नियम त्याला मोठ्या गाडीवर ढकलत होता.

म्हणून २००७ साली सुधारलेल्या अमेरिकी मानकात सीसी बाजूला ठेवून वेग धरला. सहा वर्षांपासूनच्या गटातली गाडी ताशी २४ किलोमीटरच्या वर जाता कामा नये, आणि ती दुकानातून बाहेर पडते तेव्हा १६ वर बांधलेली असते. दहा आणि बारा वर्षांपासूनच्या गटांना कमाल ४८, सुरुवातीला बांधलेली २४. चौदापासूनच्या, मोठ्यांच्या देखरेखीखाली चालवायच्या गटाला कमाल साधारण ६१ आणि सुरुवातीला ३२. २००८ च्या कायद्याने हे मानक सक्तीचं केलं. या बदलाचं खरं महत्त्व असं, की सांगाडा मोठा करायला आता आडकाठी राहिली नाही. उंच पोराला उंच गाडी मिळू शकते आणि वेग आवाक्यात राहतो.

त्याच २००८ च्या कायद्याने एक विलक्षण गोंधळही घातला. चिनी खेळण्यांतल्या शिशाच्या रंगावरून तेव्हा अमेरिकेत हलकल्लोळ चालू होता. कायद्याने बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या प्रत्येक वस्तूवर शिशाची कडक मर्यादा घातली. मुलांची क्वाड ही मुलांचीच वस्तू, आणि तिच्या बॅटरीच्या टर्मिनलमध्ये, टायरच्या व्हॉल्व्हमध्ये, ब्रेकच्या मिश्रधातूत थोडं शिसं असतंच. फेब्रुवारी २००९ मध्ये विक्रेत्यांनी मुलांच्या गाड्या शोरूममधून मागच्या गोदामात नेऊन ठेवल्या. बॅटरीचं टर्मिनल कोणतं पोर चाटणार, असा सवाल सगळेच करत होते, पण कायद्यात त्याला वाट नव्हती. त्यातून जे व्हायचं तेच झालं. छोटी गाडी मिळत नाही म्हटल्यावर पोरं मोठ्यांच्या गाडीवर बसतील, ही भीती खुद्द आयोगानेच बोलून दाखवली. मे २००९ मध्ये अंमलबजावणी थांबवली गेली आणि ऑगस्ट २०११ मध्ये काँग्रेसने या वाहनांना शिशाच्या नियमातून सूट दिली. मापाचा प्रश्न विसरून केलेली सुरक्षा किती उफराटी पडते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. माप इतकं महत्त्वाचं का?

क्वाडला चार चाकं आणि मोटारसायकलचं हँडल असतं, त्यामुळे ती दोहोंमधली सोपी गोष्ट वाटते. ती तशी नाही. कार तुम्ही नुसती बसून चालवता, क्वाड अंगाने चालवावी लागते. पुष्कळ क्वाडना, मुलांच्या गाड्यांना तर हमखास, मागची दोन्ही चाकं एकाच आसाने जखडलेली असतात. वळताना आतल्या चाकाने कमी आणि बाहेरच्या चाकाने जास्त फिरायला हवं, ते या आसामुळे होत नाही. गाडी सरळच जाऊ पाहते. चालवणाऱ्याने आतल्या बाजूला झुकून, आतल्या चाकावरचा भार हलका ठेवून तिला वळवायचं असतं. चढावर पुढे सरकायचं, उतारावर मागे. तिची सीट लांब असते ती याच सरकण्यासाठी, मागे कुणाला बसवण्यासाठी नव्हे. (दोघांसाठी बनवलेली मॉडेल वेगळी असतात, तीही मोठ्यांची.)

म्हणजे स्वाराचं वजन हा गाडीचा एक भागच झाला. हिशेब करून पाहा. शेतीकामाची चारशे-पाचशे सीसीची क्वाड अडीचशे-तीनशे किलोची. पंचाहत्तर किलोचा माणूस तिच्या साधारण चौथाई वजनाचा आहे. तो झुकला की तिला ते कळतं. त्याच गाडीवर अकरा वर्षांचा पस्तीस किलोचा मुलगा बसवा. तो गाडीच्या जेमतेम आठव्या हिश्शाइतका. त्याने कितीही अंग टाकलं तरी गाडी आपल्या मनाचं करणार, आणि उलटली तर त्याच्या छातीवरून ती उचलणं त्याला शक्य नाही. मुलांच्या क्वाडी तरी कुठे हलक्या आहेत? पन्नास सीसीची छोटीशी गाडीही शंभर किलोच्या पुढे भरते. वीस किलोच्या सहा वर्षांच्या पोराला तीच भारी आहे.

माप घेण्यासाठी फार विद्या लागत नाही. अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांसाठी केलेल्या मार्गदर्शिकांत याच्या खुणा दिल्या आहेत आणि त्या कुठेही वापरता येतात. मुलाला बूट आणि हेल्मेट घालून बंद गाडीवर चढवा. पाय फूटरेस्टवर ठेवून त्याला उभं राहायला सांगा. सीट आणि त्याच्या पँटचा जांघेतला जोड यांत तीन ते सहा इंच मोकळी जागा हवी. त्याहून कमी असेल तर खड्ड्यात सीट खालून बसेल, कारण पायांनी हिसका झेलायला जागाच नाही. खूप जास्त असेल तर गाडी त्याला लहान झाली. मग बसवा. मांड्या साधारण आडव्या असाव्यात. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं तरी ते गुडघ्याला लागता कामा नये, आणि पूर्ण वळवलेल्या हँडलची लांबची मूठ पकडताना त्याला सीटवरून ओणवं व्हावं लागू नये. कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. हात ताठ झाला तर ते हँडलला नुसतं लटकणं झालं. टाच फूटरेस्टवर टेकलेली ठेवून पायाचा पंजा ब्रेकपर्यंत पोचला पाहिजे.

शेवटची खूण हाताची, आणि ती बहुतेक लोक बघायची विसरतात. क्वाडचा थ्रॉटल मोटारसायकलसारखा मनगटाने पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. मूठ न सोडता अंगठा तिथवर पोचतो का? बोटं ब्रेकच्या लिव्हरवर नीट वळतात का, की नुसती टोकं लागतात? घसरताना टोकांनी ब्रेक दाबला जात नाही. ब्रेक दाबून दाखव म्हणा, आणि गाडी ढकलून पाहा.

या खुणांवरही शंका घेणारे आहेत. केंटकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१० साली मुलांची अंगमापं या नियमांशी ताडून पाहिली, आणि नियम जितके स्वच्छ दिसतात तितके मुलांच्या शरीरावर बसत नाहीत असं दाखवलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत संगणकावर वेगवेगळ्या उंचीची मुलं मोठ्यांच्या शेतीच्या क्वाडवर बसवून पाहिली गेली. सोळाखालच्या मुलांचं माप बऱ्याच मॉडेलांशी जुळलं नाही. दोन्हींचा रोख एकच आहे. वय हा ढोबळ अंदाज, खरं माप त्या मुलाचं आणि त्या गाडीचं. मार्गदर्शिकेतले इंच पाळावेतच, पण ते पाळले म्हणजे मुलगा तयार झाला असं कुणी समजू नये.

कारण अंग बसलं तरी डोकं बसायचं बाकी असतं. उतारावर आधी ब्रेक की आधी थ्रॉटल सोडायचा, समोरचा खड्डा किती लांब आहे, मागे मित्र येतोय तर कुठे थांबायचं, हे निर्णय क्षणात घ्यायचे असतात. घरी सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही, सायकलवर स्वतःहून ब्रेक वेळेवर लावतो, घाबरल्यावर गोठून जात नाही, अशा मुलाची गोष्ट वेगळी. आईबापांना हे दुकानदारापेक्षा जास्त कळतं. फक्त पोराच्या हट्टापुढे ते स्वतःशी खरं बोलत नाहीत.

आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, पहिलं वर्ष बाह्या दुमडून जातं. क्वाडच्या बाबतीत हाच हिशेब सगळ्यात महागात पडतो. दोन वर्षांनी लहान होईल म्हणून आत्ताच मोठी घेतली, की ती दोन वर्षं मूल ताब्यात न येणाऱ्या गाडीवर काढतं, आणि नवशिकेपणाची वर्षंही नेमकी तीच. पैशाचं म्हणाल, तर मुलांच्या चांगल्या क्वाडना जुन्या बाजारात गिऱ्हाईक असतं, कारण प्रत्येक मूल वाढतंच.

डॉक्टरांचं म्हणणं अर्थात याहून कडक आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षं सांगते आहे की सोळाखालच्या मुलांनी क्वाड चालवूच नये, कुठल्याच मापाची. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांची भूमिकाही तीच. कंपन्या म्हणतात, अपघातात सापडलेली बहुसंख्य मुलं मोठ्यांच्या गाड्यांवर होती, त्यामुळे योग्य मापाची गाडी हाच उपाय. अमेरिकेत या वाहनांमुळे वर्षाकाठी साधारण एक लाख माणसं तातडीच्या विभागात येतात आणि त्यांतला चौथा हिस्सा मुलांचा असतो. अशा ठिकाणी कंपन्यांचा युक्तिवाद सोयीचा वाटला तर नवल नाही. तो खोटाही नाही, अर्धा आहे. छोट्या गाडीवर कमी इजा होते, म्हणून ती निर्धोक ठरत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१० साली चौदाखालच्या मुलांना क्वाड चालवायला जवळजवळ बंदीच केली आणि पुढच्या वर्षांत तिथल्या मुलांच्या इजा लक्षणीय घटल्या. बंदी काम करते, हे मान्य करावं लागतं. पण ज्यांचं घरच शेतावर आहे आणि पोर गाडीवर बसणारच आहे, त्यांना नुसतं "नको" सांगून डॉक्टर मोकळे होतात. त्यांच्यासाठी मापाची चर्चा उरतेच. ब्रिटनने मधला रस्ता काढला आहे. तिथे १९९८ च्या नियमांनुसार शेतीकामाच्या क्वाडवर तेराखालच्या मुलाने बसणंच बेकायदा आहे, मग ते मागे बसलेलं का असेना. तेरापुढे योग्य मापाची गाडी आणि रीतसर प्रशिक्षण.

बाजाराबद्दल थोडक्यात. अमेरिकेत पोलारिस, यामाहा, होंडा, कावासाकी, सुझुकी, कॅन-अॅम यांच्या मुलांच्या गाड्या ओळखीच्या आहेत. पोलारिसची आउटलॉ ७० सहापासून, ११० दहापासून. यामाहाची रॅप्टर ९० दहापासून. कावासाकीची केएफएक्स५० सहापासून, केएफएक्स९० बारापासून. होंडाच्या टीआरएक्स९०एक्सला हाताचा क्लच नसला तरी पायाने गिअर टाकावे लागतात. ११० सीसीची दहाला चालते आणि ९० सीसीची एखादी बारालाच, इथे वाचक थबकला असेल, तर सीसीची फूटपट्टी का मोडली ते पुन्हा वेगळं सांगायला नको. गाडीवर वयोगटाची चिठ्ठी असते, तीच बघायची. नवशिक्याला आपोआप गिअर बदलणारीच बरी. त्याच्या डोक्यात एकावेळी तीन गोष्टी पुरेत.

वेग बांधण्याचं साधन साधं असतं. बहुतेक गाड्यांत थ्रॉटलच्या डबीवर एक स्क्रू असतो, तो आत घेतला की अंगठा पुरता दाबलाच जात नाही. काहींत त्याखेरीज सायलेन्सरला पट्टी असते किंवा इलेक्ट्रॉनिक कुलूप. मनगटाला बांधायची दोरीही पाहा. मूल गाडीवरून फेकलं गेलं की ती सुटून इंजिन बंद पडतं. जुनी गाडी घेताना पहिली शंका इथेच घ्यावी, कारण मागच्या मालकाने पोराच्या आग्रहाला बळी पडून स्क्रू काढलेला असण्याची शक्यता चांगली असते. इंटरनेटवर मिळणाऱ्या अनोळखी नावांच्या स्वस्त गाड्यांबद्दल अमेरिकी आयोग वारंवार इशारे काढतो. कुठे वेग वयोगटाच्या मर्यादेबाहेर, कुठे पार्किंग ब्रेक नाही. टेक्सास-मिशिगनकडे एकरभर जागेचं घर घेतलेल्या आपल्या मंडळींना या गाड्या किमतीमुळे भुरळ घालतात. वयोगटाची चिठ्ठी नसलेली आणि जवळपास दुरुस्तीला दुकान नसलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आणि आपल्याकडे? मुलासाठी क्वाड विकत घेणारे इथे थोडे. भाड्याने बसवणारे मात्र फार. नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर, लोणावळा-पाचगणीच्या पार्कांत सुटीच्या दिवशी रांगा असतात. दृश्य ठरलेलं असतं. मोठ्यांची गाडी, पुढे सात-आठ वर्षांचं पोर, मागे चालवणारा पोऱ्या, आणि फोटोपुरता पोराचा अंगठा थ्रॉटलवर. वर सांगितलेल्या मापांपैकी एकही इथे पाळलं जात नाही. एकट्याच्या गाडीवर दोघं, ज्याचा अंगठा थ्रॉटलवर त्याचे पाय अधांतरी, आणि मागच्याला झुकायला जागा नाही. पाचशे मीटरच्या फेरीत बहुधा काही होत नाही, म्हणून हे चालू आहे.

कायद्याचंही बघून ठेवा. चार चाकांची इंजिनाची गाडी मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येबाहेर जात नाही, आणि त्या कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जनतेला जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते. म्हणजे सोसायटीबाहेरची गल्ली आली, समुद्रकिनाराही आला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती वाहन दिल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गोव्यात तर किनाऱ्यावर वाहन घालायलाच मनाई आहे. फार्महाऊसच्या कुंपणाआतली गोष्ट निराळी, तिथे जबाबदारी पूर्ण तुमची.

तेव्हा पुढच्या सुटीत पोराने हात ओढला, तर चालकाला तीन गोष्टी विचारा. मुलांची वेगळी गाडी आहे का, तिचा वेग बांधलेला आहे का तो दाखव, आणि पोराच्या डोक्याला घट्ट बसेल असं आयएसआय हेल्मेट आहे का. तिन्हींना "हो" मिळालं, तर मुलाला बंद गाडीवर उभं करून वर दिलेली मापं घ्या, आणि सपाट मैदानात, तुमच्या नजरेसमोर, त्याला एकट्याला बसू द्या. एकालाही "नाही" आलं तर तिकिटाचे पैसे वाचवा. मूल सहाच्या आतलं असेल, तर विचारायचीही गरज नाही. त्याच्यासाठी इंजिनाची क्वाड अमेरिकी मानकातही बसत नाही.